गिरणीतून तलावात : सोलापुरातील क्लोरिनचा प्रवास

पोहण्याच्या तलावातून बाहेर आलेल्या मुलाच्या कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे आणि मानेवर उठणारे लाल, खाजरे चट्टे ही सोलापुरात तुलनेने अलीकडची तक्रार आहे. परंतु ज्या रसायनामुळे ती उद्भवते त्याच्याशी कापड हाच ज्याचा मुख्य धंदा त्या शहराची ओळख जुनी आहे, आणि काम झाल्यावर त्या रसायनाला कापडातून कसे घालवावे हेही त्याच धंद्याने पूर्वी शिकवून ठेवलेले आहे.

रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७४ मध्ये क्लोरिन वायू प्रथम मिळवला, बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८५ च्या सुमारास त्याने कापड पांढरे होते हे दाखवले, आणि ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये विझवलेल्या चुन्यात हा वायू मुरवून त्याची भुकटी करण्याचे पेटंट घेतले. हीच ब्लीचिंग पावडर. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, लोकांच्या तोंडी ‘जुनी गिरण’ झालेली गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या, तोपर्यंत जगभरच्या सुती धुलाईची रीत ठरून गेली होती. कोरे कापड कॉस्टिक सोड्यात उकळायचे, ब्लीचिंग पावडरच्या निवळीतून काढायचे, मग सौम्य आम्लातून आणि शेवटी स्वच्छ पाण्यातून. एवढ्यावर धुलाई संपत नसे. धाग्यात क्लोरिन राहिला तर साठवणीत कापड पिवळे पडते आणि पुढे हातात घेताच फाटते, म्हणून सोडियम थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटच्या द्रावणाने तो मारला जाई. या शेवटच्या द्रावणाला धंद्यात ‘अँटिक्लोर’ म्हणतात. क्लोरिन खरोखर गेला की नाही हे स्टार्च व आयोडाइड लावलेला कागद ओल्या कापडावर टेकवून पाहत, आणि कागद निळा पडला तर तो माल पुन्हा धुवावा लागे.

शहराचे पाणी मात्र दीर्घकाळ या रसायनापासून दूर होते. बाराव्या शतकातील सिद्धेश्वर तलाव, घरोघरच्या विहिरी आणि १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरूखचा तलाव यांवर सोलापूरची तहान भागत असे. मुले पोहायला शिकत ती पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीतच. त्या विहिरींची आठवण आज फार गोडव्याने काढली जाते, पण त्वचेपुरते बोलायचे तर ती बरीचशी अपुरी आहे. महाराष्ट्रातील पायऱ्यांच्या विहिरींत नारू पसरत असे : रोग्याच्या पायावर फोड येऊन त्यातून हातभर लांबीची कृमी बाहेर डोकावे, तो पाण्यात उतरताच तिची पिले पाण्यात पडत, सूक्ष्म जलपिसवा ती गिळत, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू तयार होई. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. या रोगाचा पाडाव मुख्यतः पाणी गाळून पिणे, पायऱ्या बंद करणे आणि जलपिसवा मारणारे औषध टाकणे यांनी झाला. पटकी आणि हगवण यांच्याविरुद्धचे काम मात्र ब्लीचिंग पावडरने केले. उष्ण हवेत टिकावी म्हणून जास्तीचा कळीचा चुना घातलेली ही पावडर ग्रामपंचायतींच्या बोलीत आजही ‘टीसीएल’ आहे, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन मिळावा, अशी अपेक्षा असते.

पोहण्याच्या तलावात हेच प्रमाण लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवावे लागते, कारण तेथे पाणी रोज बदलत नाही आणि माणसे रोज बदलतात. महापालिकेच्या मार्कंडेय जलतरण तलावासारख्या ठिकाणी मे महिन्यात गर्दी होते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात : सोलापूरचे ऊन उघड्या पाण्यातील क्लोरिन काही तासांत उडवते, आणि घाम व लघवीतील नत्रयुक्त द्रव्ये उरलेल्या क्लोरिनशी संयोग पावून ‘क्लोरामाइन’ तयार करतात. तलावाचा तो उग्र वास, डोळ्यांची चुरचुर आणि बरीचशी खाज या क्लोरामाइनची असते. वास जास्त म्हणजे पाणी जास्त शुद्ध, हा समज उलटा आहे.

मुलाच्या अंगावरचे चट्टे बहुधा खऱ्या अर्थाने ‘ॲलर्जी’चे नसतात, ती क्षोभाने आलेली दाहक प्रतिक्रिया असते. निरोगी त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, तर तलावाचा ७.२ ते ७.८, त्यात क्लोरिन त्वचेवरील तेल काढून घेतो, आणि मुळात ॲटॉपिक एक्झिमा, म्हणजे अंगभूत कोरडेपणाचा इसब असलेल्या मुलाची त्वचा ते सोसू शकत नाही. गिरणीतल्या शेवटच्या धुण्याचे महत्त्व येथे कळते. पोहून आलेल्या मुलाला पोशाखासह तासभर तसेच ठेवणे म्हणजे क्लोरिन न मारताच कापड गोदामात टाकणे. बाहेर येताच भरपूर गोड्या पाण्याने, जळजळीत साबणाशिवाय अंघोळ, अंग घासण्याऐवजी टिपून घेणे आणि ओलसर असतानाच मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावणे, हा क्रम लाभदायक ठरतो. पाण्यात उतरण्यापूर्वीची अंघोळही तितकीच आवश्यक आहे, कारण आधीच भिजलेली त्वचा तलावातील पाणी कमी शोषते आणि घाम मागे राहतो. अंघोळीआधी तेल चोपडण्याची घरातील जुनी सवय तलावापुरती बाजूला ठेवावी; ते तेल पाण्यात उतरून क्लोरिनच खाते. इसबाच्या जागी जेलीचा पातळ थर पुरतो.

सर्वच पुरळ मात्र या मार्गाने येत नाही. पोहल्यानंतर एकदोन दिवसांनी, विशेषतः पोशाखाखालच्या भागात, केसांच्या मुळाशी पुवाळलेल्या पुटकुळ्या उठल्या तर तेथे बहुधा सूडोमोनास नावाचा जंतू असतो, आणि तो क्लोरिन कमी पडलेल्या पाण्यातच माजतो. अशा मुलाला मलम चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे, आणि तलावाच्या व्यवस्थापकाकडे पाण्यातील क्लोरिन व सामू यांच्या रोजच्या नोंदी मागाव्यात.