आकडा निम्मा झाला, रोग नव्हे

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शेजारी बजाजनगर वाढत गेले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून, परप्रांतांतून कामगार येथे आले. पुढच्याच वर्षी मद्रासला (आताचे चेन्नई) भारतातली एच.आय.व्ही.ची पहिली लागण उघडकीस आली. घरापासून दूर राहणारे कामगार आणि ट्रकचालक यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वस्तीविषयी काही बोलण्याआधी लागणीचे आकडे कसे मिळतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

देशातल्या प्रत्येकाचे रक्त तपासणे शक्य नसते. म्हणून १९९८ पासून ठरावीक केंद्रांवर नमुने घेण्याची पद्धत देशभर सुरू झाली. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रियांचे, प्रत्येक केंद्रावर साधारण ४०० नमुने नाव न नोंदता तपासले जात. गुप्तरोगांच्या रुग्णांचे नमुने वेगळे असत. यावरून २००५ साली देशात सुमारे ५२ लाख लोकांना लागण असावी, असा अंदाज निघाला.

त्याच सुमारास, २००५-०६ मध्ये, तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन लाखावर स्त्री-पुरुषांचे रक्त संमतीने तपासण्यात आले. लागणीचे प्रमाण देशात ०.२८ टक्के, तर महाराष्ट्रात ०.६२ टक्के आढळले. २००७ मध्ये देशाचा अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. आकडा निम्मा झाला, पण रोग निम्मा झाला नव्हता. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रिया सगळ्या समाजाचे प्रतिनिधित्व करत नाहीत, हे कळले होते. बदलले होते ते आपले माप.

दुसरी गल्लतही नेहमी होते. जायकवाडीचा साठा पाहून यंदा किती पाणी आले हे सांगता येत नाही; किती सोडले तेही पाहावे लागते. लागण झालेल्यांची एकूण संख्या म्हणजे साठा, नवी लागण म्हणजे आवक. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू झाली. उपचार घेणारे अनेक वर्षे जगू लागले. त्यामुळे नवी लागण घटली तरी साठा लगेच ओसरत नाही. २०१९ साली महाराष्ट्रात सुमारे ३.९६ लाख लागणग्रस्त होते, देशात सर्वाधिक. त्यामागे राज्याची मोठी लोकसंख्या आहे, तसे वाचलेले जीवही आहेत. शिवाय नियमित औषधांनी ज्यांच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा होतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा: शाळेच्या कबड्डी संघाची वजने घेऊन सगळ्या वर्गाचे सरासरी वजन सांगता येईल का? मुले लगेच ‘नाही’ म्हणतील. मग ट्रकचालकांच्या किंवा स्थलांतरित कामगारांच्या नमुन्यांवरून एखाद्या कामगार वसाहतीवर शिक्का कसा मारता येईल? लागण स्पर्शाने होत नाही आणि २०१७ च्या कायद्याने लागण असलेल्या मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आकडा नीट वाचता आला नाही, तर त्याची किंमत अशाच एखाद्या मुलाला मोजावी लागते.