मोमिनपुरा आणि जरीपटका



आजच्या विषयाकडे आम्ही वळलो तो एका वाक्यामुळे. हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असेल; कदाचित उच्चारलेही असेल. ‘सिंधी नेसत्या वस्त्रानिशी आले आणि एका पिढीत दुकानदार झाले, मोमीन त्यांच्या आधी शंभर वर्षे आले, पण मागावरून उठले नाहीत.’ वाक्य दिसायला सरळ आहे, आणि त्याचा पुढचा अर्थ बोलणारा बहुधा मनातच ठेवतो. तो अर्थ असा की एक जात उद्योगी आणि दुसरी आळशी. इतिहासाचा थोडाफार अभ्यास करणाऱ्याने असले वाक्य तपासून पाहिल्यावाचून सोडू नये असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकू. नागपूर हे आलेल्यांचेच गाव आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी ते वसविले. त्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांबरोबर मराठी सरदार, कारकून, भटजी आणि सावकार आले. कोष्ट्यांचे माग भोसल्यांच्या आश्रयाने वाढले. तेव्हा ‘ते बाहेरचे’ असे म्हणताना आपले स्वतःचे पणजोबा कोणत्या वेशीतून आत आले हेही आठवणीत असलेले बरे. असो.

मोमीन विणकरांची मूळ गावे पूर्वेकडील संयुक्त प्रांतातली. आझमगड, मऊ, मुबारकपूर, अलाहाबाद ही नावे आजही त्यांच्या घरोघरच्या आठवणींत आहेत. या आठवणींत प्रस्थानाचे एकच कारण सांगितले जाते, ते म्हणजे 1857 चे बंड आणि त्यानंतरची इंग्रजांची सूडबुद्धी. ती गोष्ट खोटी नव्हे. परंतु केवळ तेवढ्याने एवढे लोक मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर आणि कामठीपर्यंत पसरले नसते. 1813 मध्ये कंपनीची व्यापारी मक्तेदारी संपली आणि लँकेशायरचे कापड हिंदुस्थानच्या बाजारात मोकळेपणाने उतरू लागले. विणकराचे पोट बंडाच्या पुष्कळ आधीपासून मारले जात होते. बंडाने फक्त घराला कुलूप लावले. माणसाला आपल्या दुःखाचे कारण तोफेच्या रूपाने आठवते, बाजारभावाच्या रूपाने आठवत नाही.

ते आले मिर्झापूर–जबलपूर–नागपूर या जुन्या दख्खन रस्त्याने. रेल्वे नागपुरास 1867 साली पोहोचली, ती मुंबईकडून; त्यापूर्वी उत्तरेकडून येणाऱ्यास पाय किंवा बैलगाडी एवढीच साधने होती. त्या रस्त्यावर नागपूरच्या अलीकडे कन्हानच्या काठी 1821 मध्ये इंग्रजांनी कामठीची छावणी वसविली होती. छावणी म्हणजे पलटण, पलटणीमागे बाजार, आणि बाजारात कापडाला गिऱ्हाईक. कामठीस मोमिनांची मोठी वस्ती का झाली याचे उत्तर एवढे साधे आहे. तिथून एक फाटा नागपुरात मोमिनपुऱ्यास आला.

पण ज्या नागपुरात ते आले ते नागपूर कोणते होते? तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले, आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर दरबार गेला, आणि दरबाराबरोबर रेशीमकाठी धोतरजोड्यांचे, पागोट्यांचे, शेल्यांचे हक्काचे गिऱ्हाईक गेले. नागपूरचा कोष्टी स्वतःच अडचणीत असताना त्याच्या शेजारी दुसरा विणकर येऊन बसला. लगेच 1861 ते 1865 हे अमेरिकेतील यादवी युद्ध आले. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकरी आणि दलाल यांचे भाग्य उघडले खरे, पण सूत विकत घेऊन विणणाऱ्याच्या घरी त्याच भावाने उपास घडविला. पुढे 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ही गिरणी विणकराची वैरीण आणि पुरवठादार अशी दोन्ही होती: तिच्या कापडाने त्याचे कापड मारले, आणि गिरणीच्या सुतावाचून त्याचा माग चालेना.

आता मागाचे अर्थशास्त्र पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. विणकर सूत आणतो ते व्यापाऱ्याकडून, बहुधा उधारीवर. घरी त्याला पांजण करायची, कांड्या भरायच्या, ताणा लावायचा. मग खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा फेकायचा. तयार लुगडे घेऊन तो परत जातो तो बहुधा त्याच व्यापाऱ्याकडे. म्हणजे कच्च्या मालाचा भाव एकाने ठरवायचा आणि पक्क्या मालाचाही त्यानेच. मध्ये जे उरेल ते आठ हातांनी वाटून घ्यायचे. आठ हात असे आम्ही म्हणतो, कारण माग एकट्या पुरुषाचा कधीच नसतो. बायको कांड्या भरते, म्हातारी सूत उकलते, पोरगे तुटलेले धागे जोडते. ह्या पोराला शाळेत पाठविले तर माग अडतो. तो पुढे अडाणी राहिला म्हणून आपण नावे ठेवतो. पण त्या घरात शाळेची फी सरकारने माफ केली तरी पोराच्या मजुरीची भरपाई कोण करणार होते?

सिंधी समाजाची गोष्ट ह्याहून सर्वस्वी निराळी आहे. सिंध हा प्रांत 1936 पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता. कराचीच्या कॉलेजातले विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांस बसत, आणि कराचीत मराठी कुटुंबेही नांदत होती. फाळणीत पंजाब व बंगाल तुटले, तुटून निम्मे तरी इकडे राहिले. सिंध तुटला नाही, तो अखंड पाकिस्तानात गेला. त्याच्या लोकसंख्येतला चौथा हिस्सा हिंदूंचा होता. आरंभी त्यांच्यातल्या अनेकांचा निघण्याचा विचारही नव्हता. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर मात्र लोंढा लागला. कोणी बोटीने मुंबईस, कोणी काठेवाडच्या बंदरांत, कोणी मीरपूरखासवरून जोधपूरच्या गाडीने. त्यांतले काही हजार त्यावेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ह्या राजधानीत उतरले आणि जरीपटक्यास, खामल्यास स्थिरावले. जरीपटका म्हटले की मराठी माणसाला मराठ्यांचे निशाण आठवते; त्या नावाखाली सिंधूकाठच्या लोकांनी संसार मांडावा ह्यात नियतीची थोडी थट्टा आहे.

ते नेसत्या वस्त्रानिशी आले हे खरे. पण रिकाम्या हातांनी आले हे खरे नव्हे, आणि आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. त्यांच्यातल्या आमिलांनी पिढ्यान्‌पिढ्या मीरांच्या आणि मग इंग्रजांच्या कचेऱ्यांत लेखणी चालविली होती. भाईबंद हे व्यापारी: शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियाच्या बाजारांत वटत, आणि हैदराबादच्या पेढ्या इजिप्तपासून जपानपर्यंत पसरल्या होत्या. घर, दुकान, जमीन ही मागे राहिली. हिशेब, पत आणि ओळखीपाळखी ह्या मागे राहत नाहीत. सरहद्दीवर त्यांची झडतीही घेता येत नाही. विणकरानेही आपले कसब बरोबर आणले होते, परंतु ज्या कसबाचा भाव वर्षानुवर्षे उतरत आहे ते कसब म्हणजे एका अर्थी बेडीच.

सिंधी दुकानदाराच्या यशाचे गुपित म्हणून पुष्कळ भलतेसलते सांगितले जाते. त्यातले गणित मात्र चौथीच्या मुलालाही समजेल असे आहे. उदाहरणापुरते धरा, जुना दुकानदार शंभर रुपयांच्या मालावर आठ रुपये घेतो आणि त्याचा माल महिन्यातून एकदा फिरतो. त्यास आठ रुपये सुटले. नवा आलेला तीनच रुपये घेतो, सकाळी लवकर उघडतो, रात्री उशिरा मिटतो, आणि तेच शंभर रुपये महिन्यातून चारदा फिरवितो. त्यास बारा सुटले. गिऱ्हाईकही खूष. शेजारच्या जुन्या दुकानदाराने त्यावर कुरकुर केली हे साहजिक आहे, पण त्या कुरकुरीला आपण अर्थशास्त्र समजू नये. विणकराचे शंभर रुपये मात्र सुताच्या रूपाने मागावर अडकून पडतात. ते फिरविणे त्याच्या हाती नसते.

दुसरा भेद सरकारचा. मोमीन आले तेव्हा सरकार त्यांचे कोणी नव्हते, किंबहुना ते ज्याच्यापासून पळत होते तेच सरकार इथेही होते. सिंधी आले तेव्हा स्वराज्य होते. सप्टेंबर 1947 मध्येच केंद्रात पुनर्वसनाचे खाते निघाले. 1948 मध्ये निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी संस्था कायद्याने स्थापन झाली. 1950 च्या कायद्याने मागे राहिलेल्या मिळकतींचे दावे नोंदले गेले आणि 1954 च्या कायद्याने भरपाई सुरू झाली. ही भरपाई पुरेशी नव्हती. मोठ्या दाव्यास प्रमाणाने कमी मिळे. आणि ज्याची सिंधमध्ये मिळकतच नव्हती, त्याला दावा तरी कशाचा करता येणार? सगळेच सिंधी शेठ झाले असे समजणाऱ्याने छावणीतले ते पहिले दशक विसरू नये: फूटपाथवर कापडाचे तुकडे मांडणारे पुरुष, खांद्यावर गाठोडे घेऊन गल्लोगल्ली हिंडणारी मुले, आणि घरी पापड लाटणाऱ्या बायका. आपल्यापैकी कित्येकांच्या आईने तो पापड दारावर घेतला असेल. मागावरच्या कांड्या आणि पाटावरचे पापड, ह्या दोन्ही कामांची नोंद कोणत्याही वहीत ‘मजुरी’ म्हणून झाली नाही.

हातमागासाठी स्वराज्याच्या सरकारने काही केले नाही असे मात्र नव्हे. 1952 मध्ये हातमाग मंडळ झाले. 1953 मध्ये गिरणीच्या कापडावर जादा कर बसवून तो पैसा हातमाग व खादीकडे वळविण्यात आला. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. ही मदत मागाला होती. माणसाला मागावरून उठवून दुसऱ्या धंद्यात बसविण्यासाठी ती नव्हती. निर्वासिताला सरकारने विचारले, ‘तुझे काय गेले?’ विणकराला तो प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्याचे जे गेले ते एका रात्रीत गेले नव्हते. मालेगाव-भिवंडीच्या मोमिनांनी यंत्रमागाची कास धरली. नागपूर-कामठीस ते तेवढ्या प्रमाणात घडले नाही. एम्प्रेस मिलही 2002 मध्ये बंद झाली. ज्या गिरणीने माग मारला ती मागानंतर फार वर्षे जगली असेही नाही.

ह्या दोन्ही समाजांत एक साम्य आहे ते त्यांच्या नावाच्या भांडणात. विणकराला लोक ‘जुलाहा’ म्हणत, आणि त्या शब्दाला हिणकस वास होता. त्यांनी ‘मोमीन’ म्हणजे श्रद्धावान, आणि ‘अन्सारी’ ही नावे घेतली. अन्सार म्हणजे मदिनेचे ते लोक, ज्यांनी मक्केहून परागंदा झालेल्यांना आसरा दिला. परागंदा झालेल्यांनी आसरा देणाऱ्यांचे नाव घ्यावे ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. सिंध्यांना आपण ‘शरणार्थी’ म्हटले, तेव्हा त्यांनी उलट सांगितले की आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी. पदर पसरणारा म्हणून ओळखले जाणे दोघांनाही नको होते.

सामाजिक स्वागत मात्र सारखे झाले नाही. सिंध्यांविषयी कुरकुर होती, पण संशय नव्हता. मोमिनांच्या वाट्याला फाळणीनंतर संशय आला. आणि तोही अन्यायाने, कारण अब्दुल कय्यूम अन्सारींच्या नेतृत्वाखालील मोमीन परिषदेने मुस्लिम लीगच्या द्विराष्ट्रवादाला उघड विरोध केला होता. लीग ही जमीनदारांची आणि शरीफांची, विणकरांची नव्हे, असे तिचे म्हणणे होते. हे आपल्या शहरातल्या किती सुशिक्षितांस ठाऊक आहे? पुढे इतर मागासवर्गांच्या यादीत मोमीन, जुलाहा, अन्सारी ही नावे आली. परंतु तोवर स्वराज्य मिळून चार दशके लोटली होती.

शेवटी भाषेकडे पाहिले म्हणजे हिशेब उलटा लागतो. मोमिनांजवळ पैसा कमी, पण उर्दू टिकली: मोहल्ला एक, माग घरात, शाळा उर्दूची, आणि कामठीच्या मुशायऱ्यांना दूरदूरचे रसिक येत. सिंध्यांजवळ पैसा आला, आणि भाषा ओसरू लागली. व्यापाऱ्याला गिऱ्हाईकाची भाषा बोलावी लागते. नागपूर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होते, तेव्हा मुलांची शाळा बहुधा हिंदीची झाली. त्यातच लिपीचा वाद: सिंधी बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाने लिहायची की देवनागरीने? वडीलधारे त्या वादात गुंतले असताना मुले तिसरेच काही वाचायला शिकली. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, तेव्हा चेटीचंडाच्या मिरवणुकीत झुलेलालचा जयघोष आजोबा आणि नातू एका सुरात करीत. परंतु आजोबांनी कराचीहून आणलेली पोथी नातवाला वाचता येत नव्हती.