कुत्र्याच्या तुकड्याचा हिशेब

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि त्यानंतर खालापूर-कर्जतच्या माळांवर फार्महाउसं वाढत गेली. कुंभिवलीसारख्या गावांच्या शिवारात तेव्हापासून दोन हिशेबांची कुत्री राहतात. एक फाटकाच्या आत, परदेशी वाणाचं. त्याच्यासाठी शहरातून खाद्याची गोणी येते आणि बंगला सांभाळणारा गडी मापाने वाडगा भरतो. दुसरं फाटकाबाहेरचं, गावठी. त्याच्या पोटाची तजवीज चार घरं मिळून करतात आणि त्यातलं एकही घर तो खर्च कधी मोजत नाही.

मोजला तर काय दिसतं? तीस किलोच्या लॅब्राडोरला दिवसाला साधारण १,४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य चारशे ग्रॅम, महिन्याला बारा किलो. किलोला दोनशे रुपये हा साध्यातला भाव धरला तरी चोवीसशे रुपये होतात. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. फाटकाच्या आतलं कुत्रं महिन्याला आठ दिवसांची मजुरी खातं.

पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला साडेआठशेच्या आसपास कॅलरी पुरतात. शंभर ग्रॅम पिठाची भाकरी साडेतीनशेच्या जवळ जाते, म्हणजे अडीच भाकऱ्यांत त्याचा दिवस निघतो. भाताच्या या मुलखात ती भाकरी तांदळाची, नाहीतर वरकस जमिनीवरच्या नाचणीची. सोबत पेजेचं पाणी, भांड्याच्या बुडाची करपलेली खरवड आणि सुकटीचा किंवा बोंबलाचा वास लागलेला शिळा भात.

हे खाणं कुत्र्याला झेपतं, यात त्याच्या जातकुळीचा मोठा वाटा आहे. एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला आणि त्याच्या उकिरड्यावर जगणारा प्राणी धान्य पचवायला शिकला. मात्र भाकरीने पोट भरतं, अंग भरत नाही. प्रौढ कुत्र्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळून, किमान १८ टक्के प्रथिनं असावीत असं आजचं मानक सांगतं. तांदूळ आणि नाचणीत ती सात-आठ टक्क्यांच्या आसपास. उरलेली भर कुत्रं स्वतः घालायचं. खाचरातले उंदीर, बांधावरचे खेकडे, मेलेलं ढोर, आणि रानात शिकार झालीच तर आतडी-कोथळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि वाडीवरच्या कुत्र्यांच्या वाट्याचा तो घासही कायद्याच्या पलीकडे गेला.

भाकरीचा हा तुकडा दया म्हणून पडत असे, तसाच हक्क म्हणूनही. शास्त्राने तो लिहूनच ठेवला होता. वैश्वदेवाच्या वेळी गृहस्थाने जेवण्याआधी जमिनीवर जे अन्न ठेवायचं, त्यात कावळ्या-किड्यांबरोबर कुत्र्याचाही भाग आहे. श्राद्धातल्या पंचबलींमध्ये काकबळी सगळ्यांना आठवतो, पण त्यात श्वानबळीही असतो, यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये तर देवाची कुत्री म्हणूनच मिरवत. कोटंबा हे भिक्षापात्र जमिनीवर ठेवून, भुंकून, कुत्र्यासारखं तोंडाने त्यातलं खाण्याची त्यांची रीत होती. नामदेवांची कथाही घरोघरी माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते काठी घेऊन धावले नाहीत, कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कुत्र्याचं अन्न नुसतं असून भागत नाही, ते बरं असावं, हा विचार मराठी मनाला नवा नाही.

कुत्र्याच्या नावाने उत्पन्न लावून दिल्याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. १७०८ ते १७४९ या काळात साताऱ्याच्या गादीवर असलेल्या छत्रपती शाहू महाराजांचा एक लाडका कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला होता. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलं आहे, की महाराजांनी या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला आणि पालखीचा लवाजमाही खरोखर ठेवला. एका सरदाराच्या भेटीच्या वेळी त्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून महाराज दरबारात बसले, असंही डफ लिहितो. त्याला हा विक्षिप्तपणा वाटला. लोकांच्या तोंडी कुत्र्याचं नाव खंड्या राहिलं आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या. तिला मात्र कोणी विक्षिप्तपणा म्हटलं नाही.

टाटांच्या समाजाचं कुत्र्याशी नातं धर्मातूनच आलेलं. पारशी अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. जेवताना कुत्र्यासाठी घास बाजूला काढायची चाल जुन्या घरांत होती आणि त्या घासाला गुजरातीत ‘कुतरानो बूक’ असं नाव होतं. कंपनी सरकारच्या लेखी मात्र रस्त्यावरचं कुत्रं म्हणजे उपद्रव. मुंबईत १८१३ पासून वर्षातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायला परवानगी होती. पुढे मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळू लागलं. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढवली गेली आणि आठ आण्यांच्या लोभाने कुत्रे मारणारे घरांच्या आवारातही शिरू लागले.

६ जून १८३२ ला, पारशांच्या सणाच्या दिवशी, ठिणगी पडली. जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि त्यात हिंदू, जैन, मुसलमानही उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं अन्नपाणी अडवलं गेलं. कुत्र्यांच्या जिवावर उठलेल्या सरकारच्या सैनिकांचंच जेवण एक दिवस तोडण्यात आलं. शेवटी फौज आणून दंगा मोडला. पण प्रश्न उरलाच: कुत्री मारायची नाहीत, तर त्यांना पोसायचं कोणी? १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन सावकार मोतीशा यांच्या घराण्याने पैसा उभा केला आणि भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाला. अशा पांजरपोळांचा खर्च व्यापारी आपल्या मालावर स्वखुशीने बसवलेल्या लाग्यातून चालवत. बेवारस कुत्र्याची भाकरी अशी मोठ्या शहराच्या जमाखर्चात चढली.

कुत्र्याचं अन्न दुकानात मिळू लागलं ते मात्र लंडनमध्ये. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचली. त्यानंतर चारेक वर्षांनी जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विक्रेता लंडनच्या गोदीत उभा होता. जहाजावरची कडक बिस्किटं फेकली जात होती आणि कुत्री त्यावर तुटून पडत होती. त्याने गहू, बीट, भाज्या आणि गोमांसाचा अंश घालून कुत्र्यांची बिस्किटं बनवली आणि शिकारी कुत्री पाळणाऱ्या श्रीमंतांना विकली. पहिलं तयार खाद्यही उरल्यासुरल्यातूनच सुचलेलं होतं. पीठ आणि मांस दाबाखाली शिजवून त्याचे फुगीर दाणे पाडायची रीत १९५७ मध्ये अमेरिकेत प्युरिनाने बाजारात आणली. आजच्या गोण्यांतले दाणे बहुतेक तिचेच वंशज आहेत.

मराठी मध्यमवर्गाने या बाजाराकडे बराच काळ पाहिलंही नाही. ब्लॉकमधलं पांढरं पॉमेरेनियन दूध-पोळीवर वाढलं आणि रविवारी मटणवाल्याकडून त्याच्यासाठी छाट मागून आणली गेली. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने आणि २००३ च्या हचच्या जाहिरातीतल्या पगने कुत्र्यांचे वाण लोकप्रिय केले. पग आला, लॅब्राडोर आला, आणि त्यांच्याबरोबर कातडीच्या, पोटाच्या, सांध्यांच्या तक्रारी आल्या. डॉक्टरांनी पोळी बंद करायला सांगितलं. एव्हाना मार्ससारखी परदेशी कंपनी हैदराबादेत कारखाना काढून बसली होती. मग छत्तीसगढच्या राजनांदगावहून ड्रूल्स आलं, कोंबडीच्या धंद्यातल्या समूहाचं. मांसाचा कच्चा माल घरचाच असल्याने त्याला भावात टक्कर देता आली.

त्याच काळात घरातलं उरणंही आटत गेलं. फ्रिज आला आणि रात्रीचा भात सकाळी फोडणी घालून माणसांच्याच ताटात आला. जे उरतं त्यात कांदा, लसूण आणि तेल. कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे मसाल्याची आमटी त्याला घालणं म्हणजे अपायच. जुन्या पडवीतला कोरडा भाकरतुकडा या बाबतीत आजच्या खरकट्यापेक्षा निर्धोक होता.

खरकट्यावर किती कुत्री जगतात, ते मार्च २०२० मध्ये उघड्यावर आलं. टाळेबंदीत खानावळी, वडापावच्या गाड्या, मटण-मासळीचे बाजार एका रात्रीत बंद झाले आणि शहरोशहरची भटकी कुत्री उपाशी पडली. त्यांना खाऊ घालणाऱ्यांना अडवू नये, असं पत्र भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला राज्यांना लिहावं लागलं. पुढे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा आणि वेळा ठरवायची जबाबदारी सोसायट्या आणि स्थानिक संस्थांवर टाकली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या जागांखेरीज रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई केली. जागेचा प्रश्न कागदावर सुटला. खर्च पूर्वीसारखाच खाऊ घालणाऱ्याच्या खिशातून जातो.

करव्यवस्थेने त्या खिशाला सवलत दिलेली नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा गुराढोरांचं खाद्य, कोंबडीखाद्य आणि मत्स्यखाद्य करमुक्त राहिलं. किरकोळ विक्रीच्या बांधणीतल्या कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर मात्र १८ टक्के कर बसला. दूध, अंडं, मासा देणाऱ्या जनावराचं खाणं शेतीत मोडतं. रात्रभर रानडुकरं हाकणारं कुत्रंही शेतकऱ्याचंच, पण त्याचं खाणं चैनीच्या ओळीत बसवलेलं आहे.

म्हणून ज्यांना गोणी परवडत नाही आणि नुसत्या भाकरीवर कुत्रं ठेवायला मन धजत नाही, त्यांनी मधला मार्ग काढला आहे. खोपोली-कर्जतच्या बाजारात कोंबडीच्या दुकानातून पाय, माना, काळीज-पेटा घ्यायचा. कणीचा तांदूळ, चिमूटभर हळद आणि असलाच तर भोपळा-गाजर घालून बिनमिठाचा गिचका शिजवायचा. शिजलेली नळीची हाडं वेचून काढायची, कारण त्यांच्या कपच्या आतड्यात टोचतात. त्यावर ऐपतीप्रमाणे मूठभर विकतचे दाणे, जीवनसत्त्वं आणि क्षार पोटात जावेत म्हणून. दुकानदार पूर्वी हे पाय-माना उकिरड्यावर टाकायचा, नाहीतर ओळखीच्या गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा. आता कुत्रेवाले सकाळीच सांगून ठेवतात, आणि तो पिशवी काट्यावर ठेवून तिचे किलोच्या भावाने पैसे घेतो.