मोटारीचे ऑइल मोटारसायकलला का चालेनासे झाले?

१/११
दुकानाच्या फळीवर दोन डबे शेजारी मांडलेले असतात. एकावर मोटारीचे चित्र, दुसऱ्यावर मोटारसायकलचे. दाटपणाचा आकडा दोन्हींवर तोच, १०डब्ल्यू-३०. मग हा भेद खरा, की केवळ विक्रीची क्लृप्ती? भेद खरा आहे. मात्र तो मुळापासून नव्हता. तो गेल्या काही दशकांत घडत गेला.

२/११
जुन्या ब्रिटिश घडणीच्या मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडे जाणारी साखळी यांचे कप्पे बहुधा स्वतंत्र असत. प्रत्येकाचे वंगण निराळे. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट याच परंपरेतली. इंजिनातले ऑइल क्लचला लागतच नसल्याने तिथे मोटारीचे ऑइल घातले, तरी क्लचला त्याची झळ पोहोचत नसे. जर्मनीत बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर-३२ या गाडीला तर मोटारीसारखा कोरडा क्लचच दिला होता.

३/११
जपानी कारखान्यांनी वेगळी रचना जगभर रूढ केली. १९५८ ची होंडा सुपर कब असो वा १९६९ ची चार सिलिंडरांची सीबी ७५०, इंजिन, गिअर आणि क्लच एकाच कवचात आले व एकच ऑइल तिघांत फिरू लागले. यंत्र आटोपशीर झाले, देखभाल सोपी झाली. पण एका ऑइलावर तीन कामांचा भार पडला.

४/११
आणि ही कामे एकमेकांशी जुळणारी नव्हेत. पिस्टनला घर्षण जितके कमी तितके बरे. गिअरच्या दात्यांमध्ये ऑइल अक्षरशः चिरडले जाते. दाटपणा टिकवणारे त्यातले लांब रेणू तिथे तुटतात आणि ऑइल लवकर पातळ होते. क्लचचे तर सारे कामच घर्षणावर चालते. एकाआड एक रचलेल्या प्लेटा स्प्रिंगच्या दाबाने परस्परांना धरून ठेवतात, तेव्हाच इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचते.

५/११
तरीही त्या काळात मोटारीचे ऑइल पुष्कळ मोटारसायकलींत निभावून जाई, कारण ते ऑइल क्लचच्या पकडीआड येत नव्हते. ही स्थिती पालटण्याचे कारण मोटारसायकलच्या जगाबाहेर घडले. १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. १९७५ मध्ये अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला आणि मोटारींच्या सरासरी मायलेजचे बंधन कारखानदारांवर घातले. १९८५ साठीचे लक्ष्य होते गॅलनला साडेसत्तावीस मैल.

६/११
थेंबाथेंबाचा हिशेब सुरू झाला आणि ऑइलही त्यातून सुटले नाही. मोटारींची ऑइले पातळ होत गेली. त्यांत मॉलिब्डेनमच्या संयुगांसारखी घर्षण घटवणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली. कोरड्या क्लचच्या मोटारीला त्याचा लाभच झाला. ऑइलात बुडालेल्या क्लचला मात्र तेच द्रव्य बाधू लागले. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. प्लेटा घसरतात, तापतात आणि अखेर जळतात.

७/११
दुसरा धक्का प्रदूषणाच्या नियमांचा. मोटारीच्या धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसने निकामी होतो, म्हणून ऑइलातील फॉस्फरसवर मर्यादा आली व ती उत्तरोत्तर कडक झाली. पण जस्त-फॉस्फरसचे संयुग हेच तर गिअरच्या दात्यांची झीज रोखणारे जुने संरक्षण होते. मोटारीचे ऑइल मोटारीसाठी सुधारत होते आणि त्याच वेळी मोटारसायकलपासून दूर जात होते.

८/११
अमेरिकी मानके मोटारी डोळ्यांपुढे ठेवून ठरत असल्याने मोटारसायकलचा विचार जपानलाच करावा लागला. १९९८ मध्ये ‘जासो’ या तेथील मानक संस्थेने टी-९०३ हे मानक आणले. प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर ऑइलाची परीक्षा घेऊन दोन वर्ग पाडले गेले: पुरेसे घर्षण राखणारे ‘एमए’ आणि कमी घर्षणाचे ‘एमबी’. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन उपवर्ग झाले, एमए१ आणि एमए२. त्यांत एमए२ ची पकड अधिक.

९/११
भारतात हा प्रश्न उशिरा आला. राजदूत, येझदी, आकुर्डीची बजाज चेतक या दुचाक्या टू-स्ट्रोक. त्यांत इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि गिअरबॉक्सला वेगळे ऑइल असे. १९८५ च्या हीरो होंडा सीडी १०० नंतर फोर-स्ट्रोकचा प्रसार झाला आणि एकाच ऑइलाचा कारभार घरोघरी पोहोचला. पुढे २००९ च्या रॉयल एनफील्ड क्लासिकमध्येही इंजिन व गिअरबॉक्स एका कवचात आले.

१०/११
म्हणून डब्यावरच्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरे महत्त्वाची. क्लच ऑइलात बुडालेला असेल, तर गाडीच्या पुस्तिकेतील दाटपणा आणि जासो एमए किंवा एमए२ ही खूण पाहावी. ट्रकच्या काही डिझेल ऑइलांवरही एमए छापलेले असते. क्लचच्या दृष्टीने ती चालू शकतात. ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे लिहिलेले मोटारीचे ऑइल मात्र टाळावे. गिअरविरहित स्कूटरचा क्लच कोरडा असतो. म्हणून तिथे एमबी योग्य ठरते.

११/११
‘आमच्या वडिलांनी आयुष्यभर मोटारीचेच ऑइल घातले, काही झाले नाही,’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळातील ऑइल निराळे होते, पुष्कळदा गाडीची रचनाही निराळी होती. तो अनुभव आजच्या डब्याला लावला, तर चार पैसे वाचवण्याच्या नादात क्लच प्लेटांचा खर्च अंगावर येतो. आणि ऐन घाटात ट्रकच्या पुढे जाताना क्लच घसरला, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.