दाभोळचा करार आणि आपलं वीजबिल

वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की आपण आधी बिल काढून बघतो. पण दरवाढीची मुळं कधी कधी जुन्या करारात असतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या प्रकल्पासाठी डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. १९९५ मध्ये तो रद्द झाला, १९९६ मध्ये नव्याने झाला आणि मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली.

दराचे भाग दोन: इंधनखर्च आणि स्थिर आकार. स्थिर आकार म्हणजे वीज घ्या वा न घ्या, संच तयार आहे म्हणून द्यायचे पैसे. इंधन होतं नाफ्था आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. तेल महागलं, रुपया घसरला की वीज महाग. महाग म्हणून मंडळाने कमी घेतली, तर तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून प्रत्येक युनिट आणखी महाग! अखेर मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडला.

दरम्यान १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढीवर जाहीर सुनावणी होऊ लागली, ग्राहकाला हरकत घेता येऊ लागली. दाभोळवर सह्या मात्र त्याआधीच झालेल्या होत्या. म्हणून सुनावणीत आपण एवढं तरी विचारूया: हा खर्च कोणत्या करारातून आला?