कट-कॉपी-पेस्ट रुजवणारे लॅरी टेस्लर

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज कॉपी करून दुसऱ्या ग्रुपमध्ये पेस्ट करताना, ही सोयही कुणीतरी घडवली असेल हे मनातही येत नाही. तिचं मोठं श्रेय जातं अमेरिकन संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर (1945–2020) यांना.

1973 मध्ये ते कॅलिफोर्नियातील ‘झेरॉक्स पार्क’ या संशोधन केंद्रात दाखल झाले. तिथल्या ‘ब्राव्हो’ एडिटरमध्ये एकच बटण कधी अक्षर उमटवायचं, तर कधी आज्ञा द्यायचं. आज्ञेचा ‘मोड’ चालू असताना चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला तर? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने पुसला जाई, ‘आय’ने लिहिणं सुरू होई आणि स्क्रीनवर उरे एकटा ‘टी’! टेस्लर यांचा विरोध होता तो या मोडनाच. (पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक चालू राहतो ना? तोही एक मोडच.)

मग टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या संपादकांसाठी ‘जिप्सी’ हा एडिटर बनवला. संपादक तेव्हा कागद कात्रीने कापून हवा तिथे चिकटवत. तेच शब्द इथे आले: माऊसने मजकूर निवडा, कट करा, पेस्ट करा. बटण दाबलं की अक्षरच उमटणार. मजकूर हलवायची सोय आधीच्या एडिटरांतही होती, पण ती इतकी सोपी नव्हती.

1980 मध्ये टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले. तिथे ही पद्धत ‘लिसा’ (1983) आणि ‘मॅकिंटॉश’ (1984) या संगणकांमधून घराघरांत निघाली. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही लिहिलेलं असे: ‘नो मोड्स’.