मळसूत्राचे आटे

रायफलीवरील दुर्बिणीच्या पट्टीचा स्क्रू झिजला, तर आज त्याच मापाचा दुसरा बसविता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही सोय नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एक स्क्रू निकामी झाला की सारे यंत्र अडून बसे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा करून तपासले आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाणित आटे सुचविले. पुढे त्यांनीच षट्कोनी नळीची अचूक रायफल घडविली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी तिच्यावर दुर्बीणही चढविली. ब्रिटिश लष्कराने मात्र ती सरसकट स्वीकारली नाही. रायफल संग्रहालयात गेली. आट्यांची मापेही कालांतराने बदलली. परंतु झिजलेल्या स्क्रूची जागा दुसऱ्याला घेता यावी, हे व्हिटवर्थ यांचे तत्त्व टिकून राहिले.